एका खात्याचे अनेक धनी

१७५८ साली रघुनाथराव पेशवे उत्तरेकडील स्वारी आटोपून पुण्यास परतले, तेव्हा लाहोरपर्यंत जाऊन पोहोचलेल्या मराठी निशाणाची कीर्ती त्यांच्या आधीच दक्षिणेत येऊन ठेपली होती. परंतु त्या कीर्तीच्या पाठोपाठ कर्जाचा जो आकडा आला, तो पाहून फडावरील मंडळींना काय वाटले असेल, हे एकत्र कुटुंबाचा हिशेब ज्याने कधी सांभाळला आहे त्यास निराळे सांगावयास नको. स्वारीने खजिन्यात भर घालावी ही अपेक्षा. ती तर बाजूस राहिलीच, उलट देणे ऐंशी लाखांच्या घरात गेले, असे इतिहासकार सांगत आले आहेत. दौलतीच्या जमाखर्चावर नजर होती सदाशिवरावभाऊंची. या खर्चाबद्दल त्यांनी बोल लावला आणि रघुनाथरावांनी, पुढच्या खेपेस स्वारीवर आपणच जावे, असे तोडून उत्तर दिले, ही हकीकत ग्रँट डफने आपल्या इतिहासात नमूद केली आहे. पुढची खेप म्हणजे पानिपताची. तीत भाऊ खरोखरच गेले, आणि पैशाच्या ओढीने दिल्लीच्या दिवाण-इ-खासचे रुपेरी छत उतरवून त्याची नाणी पाडण्याची वेळ हिशेबात इतक्या काटेकोर असलेल्या त्याच पुरुषावर आली.

सामाईक पतीवर उचल करण्याच्या प्रश्नाचे सारे मर्म या एका प्रसंगात आहे. हातात शिल्लक नसता पतीवर पैसा उचलणे यात स्वभावतः गैर असे काहीच नाही. बियाणे मृगात घ्यावे लागते आणि पीक दिवाळीच्या सुमारास घरात येते. फौजेस आज रोजमुरा द्यावा लागतो आणि वसूल हप्त्याहप्त्याने वर्षभर येत राहतो. मालाचे पैसे पेठेत आधी मोजावे लागतात आणि गिऱ्हाइकाकडून ते मागाहून सुटतात. खर्च आणि जमा यांच्यामधील हे अंतर ओलांडण्यासाठीच पत नावाची वस्तू मनुष्याने निर्माण केली. एकट्याच्या खात्यात ही उचल त्याच्या स्वतःच्या विवेकाच्या स्वाधीन असते, कारण जो घेतो तोच फेडतो. खाते अनेकांचे झाले की मात्र घेणारा हात आणि फेडणारा हात यांची फारकत होण्याचा संभव उत्पन्न होतो. आणि आमच्या प्रदेशाचा आर्थिक इतिहास पाहता माझी अशी खात्री झाली आहे, की सामाईक खाती बुडाली ती उचल मोठी होती म्हणून क्वचित, बहुधा ती या फारकतीमुळे बुडाली.

ही गोष्ट धर्मशास्त्रकारांच्या ध्यानात फार पूर्वी आली होती. याज्ञवल्क्यस्मृतीचे ऋणादानप्रकरण आणि त्यावर कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या राज्यात विज्ञानेश्वराने लिहिलेली मिताक्षरा ही दोन्ही वाचणारास असे दिसून येईल, की अविभक्त कुटुंबातील कोणी कुटुंबाच्या पोषणासाठी ऋण काढले, तर कर्ता मृत झाल्यावर अथवा परदेशी गेल्यावर ते फेडण्याचे दायित्व सर्व दायादांवर येते. परंतु मद्य, द्यूत आणि विषयसेवन यांपायी केलेले बापाचे ऋणदेखील पुत्राने फेडलेच पाहिजे असे नाही. म्हणजे पैसा कोणी घेतला, हा शास्त्रापुढील मुख्य प्रश्न नव्हेच; तो कशासाठी घेतला, हा मुख्य प्रश्न होय. याच्या जोडीस दामदुपटीचा नियम होता. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक होता कामा नये, हा तो नियम, आणि मुंबई इलाख्यातील इंग्रजी न्यायालयांनीही तो हिंदू ऋणकोंच्या बाबतीत दीर्घकाळ मान्य केला. उचलीस हेतूची एक मर्यादा आणि वाढीची एक मर्यादा, अशा दोन मेढी शास्त्राने ठोकून ठेवल्या होत्या. परंतु हेतू कुटुंबाचा की स्वतःचा, हे ठरविण्याचा प्रसंग बहुधा कर्त्याच्या मृत्यूनंतर, म्हणजे ज्यास विचारावे तो निघून गेल्यावर येत असे, हे या व्यवस्थेतील वैगुण्य होते.

पेशव्यांच्या घराण्याने हे वैगुण्य पिढ्यान्‌पिढ्या भोगले. थोरल्या बाजीरावांनी ब्रह्मेंद्रस्वामींस लिहिलेल्या पत्रांतून सावकारांच्या तगाद्याने गांजलेल्या मनाची व्यथा आजही वाचावयास मिळते. त्यांच्या धनकोंपैकी एक बारामतीकर बाबूजी नाईक जोशी. बाबूजींचे बंधू आबाजी नाईक यांस बाजीरावांची भगिनी भिऊबाई दिलेली, तेव्हा संबंध सोयरिकीचा. असे असूनही १७४० साली रावेरखेडी येथे बाजीरावांचा अंत होताच बाबूजी नाईकांनी आपल्या कर्जाचा तगादा तरुण बाळाजी बाजीरावांमागे लावला आणि रघूजी भोसल्यांच्या पाठबळावर पेशवेपदासाठीच खटपट मांडली. घरच्या खात्यावरील थकलेले देणे राज्याच्या वारशात आडवे येऊ शकते, याहून ठळक उदाहरण आपल्या इतिहासात नाही. त्या प्रसंगी महादजीपंत पुरंदऱ्यांनी आपल्या स्वतःच्या पतीवर रक्कम उभी केली आणि नाइकांचे देणे वारून धन्याचा मार्ग मोकळा केला. पुरंदऱ्यांचे नाव त्या कर्जरोख्यावर नव्हते, त्या पैशातील दिडकीही त्यांनी उचलली नव्हती. तरीही जे देणे आपल्या धन्याचे ते आपले, ही भावना त्यांच्या ठायी होती, आणि सामाईक पत म्हणतात ती अखेर अशा माणसांच्या खांद्यावर उभी असते.

त्या काळच्या कारभाराचा सांगाडाच उचलीवर रचलेला होता, हेही येथे सांगितले पाहिजे. परगण्यावर कमाविसदार नेमताना सरकार त्याच्याकडून अंदाजी वसुलाचा काही भाग रसद म्हणून आगाऊ घेत असे. तो भाग कमाविसदार बहुधा सावकाराकडून मनोती आणि व्याज देऊन उभा करी, आणि पुढे वसूल येईल तसा व्याजासह वळता करून घेई. वर्षाअखेर हिशेब रुजू झाला, की कमाविसदाराकडे बाकी निघे किंवा त्याने जमेहून अधिक खर्च केला असल्यास त्याचे फाजील सरकारकडे निघे. सरकार, कमाविसदार आणि सावकार या तिघांचे ते जणू एकच चालते खाते होते, आणि जोवर पुण्याच्या दप्तरात तपासणीची नजर जागी होती, तोवर ते बिनबोभाट चालले. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत परगणे इजाऱ्याने जास्त बोलीस देण्याची चाल पडली, इजारदाराने उचल करावी आणि तिची फेड रयतेच्या पाठीवर लादावी असा प्रकार सुरू झाला, तेव्हा तीच रचना परगणे उजाड करावयास कारण झाली.

थोरल्या माधवरावांनी या रोगावर हात घातला, म्हणून त्यांचे नाव या इतिहासात आदराने घेतले पाहिजे. चुलत्याने, म्हणजे रघुनाथरावांनी, दौलतीची निम्मी वाटणी मागितली, तेव्हा दौलत ही भावाभावांत वाटून घेण्याची वस्तू नव्हे, या मुद्द्यावर माधवराव ठाम राहिले. परंतु चुलत्याच्या फौजेपायी झालेल्या देण्याचा भार आपल्या शिरावर घेण्यास त्यांनी अनमान केला नाही. एवढे करूनही कलह मिटला नाही आणि १७६८ च्या जून महिन्यात धोडपच्या लढाईने त्याचा निकाल लागला, हा भाग सर्वश्रुत आहे. पुढे क्षयाने जर्जर होऊन थेऊरास अखेरचे दिवस कंठीत असता त्यांनी मागे ठेवलेल्या आज्ञांमध्ये कर्ज फेडावे ही एक आज्ञा होती. ज्या कर्जातील मोठा हिस्सा आजोबांच्या, वडिलांच्या आणि चुलत्याच्या हातून झाला होता, ते आपले म्हणून मान्य करणारा हा सत्तावीस वर्षांचा पुरुष सामाईक खात्याचा खरा कर्ता होता.

राज्य गेले, इंग्रजी अंमल आला, आणि हाच प्रश्न वाड्यांतून उतरून कुणब्यांच्या घरांत शिरला. सावकाराच्या वहीतील त्या काळचे एखादे खाते डोळ्यांपुढे आणावे. पानाच्या माथ्यावर श्री, त्याखाली कुळाचे नाव आणि गाव. डाव्या अंगास जमा, उजव्या अंगास नावे. पहिली ओळ मागील बाकीची. नाव थोरल्या भावाचे, पण उचल सर्वांची. म्हणून प्रत्येक रकमेपुढे हस्ते अमुक असे लिहिलेले. बैलासाठी चाळीस, हस्ते खुद्द. लग्नास कापड, हस्ते धाकटा भाऊ. बियाणे, हस्ते मुलगा. पानाच्या तळाशी बाकी कबूल असल्याची खूण म्हणून सहीच्या जागी नांगराची निशाणी, कारण कुळास अक्षरओळख नाही. लिहिणारास सर्व काही ठाऊक, आणि ज्याच्या घरातील तीन हातांनी पैसा उचलला त्यास एकूण बेरीज ठाऊक नाही, अशी ती अवस्था. हस्ते लिहिण्याची चाल मुळात किती शहाणपणाची होती, हे ध्यानात घ्यावे. तिने कोणत्या हाताने काय नेले हे कायम लेखी राहत असे. परंतु ती नोंद ज्यांच्यासाठी होती, त्यांना ती वाचताच येत नव्हती, आणि त्यामुळे घरातील एकाची उचल दुसऱ्यास कळे ती जप्तीचा बेलिफ दारात उभा राहिल्यावर.

कायद्यानेही या अवस्थेत भरच घातली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. ऋणकोचे रक्षण हा त्यातील हेतू. परंतु परिणाम असा झाला, की मुदत सरण्यापूर्वी सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागला आणि दर तीन वर्षांनी देणे फुगत चालले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा सावकारांनी हात सैल सोडला. १८६५ साली तो बाजार कोसळला आणि नंतरच्या फेरपाहणीत साराही वाढला, तेव्हा तोच हात आखडला. मध्यंतरी १८६६ साली मुंबई सरकारने हिंदू वारसांच्या संरक्षणाचा कायदा करून, बापाच्या देण्यास मुलगा वारशाने आलेल्या मिळकतीपुरताच जबाबदार राहील असे ठरविले. परंतु बापाच्या पश्चात मुलाने नव्या रोख्यावर नांगराची निशाणी उठविली की ते संरक्षण संपलेच. अखेर १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजारच्या दिवशी लोक उठले आणि पुणे व नगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. दंगेखोरांचा मुख्य रोख माणसांच्या जिवावर नसून कागदांवर होता. रोखे, खतावण्या आणि हुकूमनामे हाती लागताच ते जाळण्यात आले. आपल्या नावावर काय लिहिले आहे हे ज्यास वाचता येत नाही, तो तो कागद जाळावयास निघतो, यात नवल नाही.

दंग्यांची चौकशी होऊन १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा जो कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी झाला, त्यातील दोन तरतुदी आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाच्या आहेत. पहिली ही, की न्यायाधीशाने केवळ रोख्यावर न जाता व्यवहाराच्या आरंभापासून हिशेब काढावा, मुद्दल आणि व्याज निरनिराळे मांडावे, व्याजावर व्याज धरू नये आणि दामदुपटीची मर्यादा पाळावी. दुसरी ही, की शेतकऱ्यास दिलेल्या पैशाची पावती, सालअखेरचा उतारा आणि मागणी केल्यास खातेपुस्तक मिळण्याचा हक्क असावा. आज बँकेचे पासबुक आपण सहज खिशात टाकतो. परंतु खात्याची एक प्रत ऋणकोच्या हाती असली पाहिजे, हे तत्त्व आमच्या प्रांतात कायद्याने प्रस्थापित होण्यासाठी सुप्यास कागदांची होळी व्हावी लागली.

तथापि केवळ कायद्याने पत निर्माण होत नाही. विल्यम वेडरबर्न यांनी न्यायमूर्ती रानडे यांच्या सहकार्याने पुरंदर तालुक्यात शेतकी पेढी काढण्याची योजना आखली. हिंदुस्थान सरकारने तिचे स्वागत केले, परंतु विलायतेतील भारतमंत्र्यांनी १८८४ साली ती नाकारली. त्यानंतर पाच वर्षांनी, १८८९ साली, विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने बडोद्यास अन्योन्य सहायकारी मंडळी स्थापन झाली. आणि १९०४ चा सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाल्यावर गदगनजीकच्या कणगिनहाळ येथे १९०५ साली मुंबई इलाख्यातील पहिली ग्रामीण सोसायटी उभी राहिली. या ग्रामीण सोसायट्यांचा पाया अमर्याद जबाबदारी हा होता. गावातील एकाने उचल करून बुडविली, तर ती फेडण्यास उरलेले सारे सभासद आपल्या सर्व मिळकतीनिशी बांधलेले. म्हणजे एकत्र कुटुंबाच्या सामाईक देण्याचे तत्त्वच गावास लागू केले गेले. परंतु त्यात एक भेद होता, आणि तो जमीन-अस्मानाचा होता. कुटुंबात कर्ता कोणास न विचारता उचल करी. सोसायटीत कोणास किती पत द्यावी हे सर्वांच्या देखत ठरत असे. पुढे ज्यास कमाल मर्यादा पत्रक म्हणू लागले, त्यात प्रत्येक सभासदाच्या नावापुढे जमीन, पीक, बाहेरचे देणे आणि उचलीची मर्यादा मांडलेली असे. शेजाऱ्याच्या कर्जास आपण जबाबदार असल्यामुळे शेजाऱ्याने बैल घेतला की बैलाच्या पैशावर जेवणावळ घातली, याकडे प्रत्येकाचे लक्ष राहील, ही त्या योजनेची भिस्त होती.

ती भिस्त कितपत खरी ठरली? जेथे कार्यकारी मंडळ प्रामाणिक होते आणि सभा खरोखर भरत होत्या, तेथे ती खरी ठरली. १९११ साली विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांच्या प्रयत्नांनी मुंबईस मध्यवर्ती सहकारी बँक निघाली आणि वैकुंठभाई मेहतांसारख्या निःस्पृह पुरुषाने तिची धुरा दीर्घकाळ वाहिली, तेव्हा या सोसायट्यांना भांडवलाचा आधारही लाभला. परंतु अनेक ठिकाणी मर्यादा कागदावरच राहिली. वसुलीच्या दिवशी सकाळी जुने कर्ज भरावयाचे आणि संध्याकाळी तेवढेच नवे उचलावयाचे, हे नवे-जुने करण्याचे तंत्र गावोगाव रूढ झाले, आणि मंदीच्या वर्षांत थकबाकीचे डोंगर उघडे पडले. १९५१–५२ सालच्या स्थितीची पाहणी करून गोरवाला समितीने, जिचे धनंजयराव गाडगीळ हे एक सदस्य होते, असा निष्कर्ष प्रसिद्ध केला, की शेतकऱ्यांच्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांकडून अवघे ३.१ टक्के मिळत होते आणि सावकारांकडून सुमारे ७० टक्के. या आकड्यांवरून सहकाराचे तत्त्व खोटे ठरत नाही. त्यास भांडवल तोकडे मिळाले हे जितके खरे, तितकेच हेही खरे, की परस्परांवर लक्ष ठेवण्याची जी अट त्या तत्त्वाचा प्राण होती ती पुष्कळ ठिकाणी पाळली गेली नाही.

शहरी बँकांतील ज्या सोयीस आपण ओव्हरड्राफ्ट किंवा कॅश क्रेडिट म्हणतो, तिचा उगम स्कॉटलंडात आहे. १७२८ साली एडिंबरोच्या रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने विल्यम हॉग नावाच्या व्यापाऱ्यास त्याच्या खात्यातील शिलकीहून १,००० पौंडांपर्यंत अधिक उचलण्याची मुभा दिली. पुढे तेथील बँकांनी ही पद्धत सर्रास चालविली, आणि तीतही उचल करणाराबरोबर दोन विश्वासू जामिनांनी सही करावी लागे. खात्यावर नाव एकाचे असले, तरी पत तिघांची मिळून होत असे. इंग्रजी बँकांबरोबर ही पद्धत मुंबईस आली आणि भागीदारीच्या पेढ्यांनी व एकत्र कुटुंबांच्या दुकानांनी ती आपलीशी केली. तिच्याविषयीचा आजचा कायदा मात्र लोक समजतात त्याहून कठोर आहे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अनेकांनी मिळून दिलेल्या वचनाची पूर्ण फेड त्यांपैकी कोणा एकाकडूनही मागता येते. त्याने ती केल्यावर इतरांकडून त्यांचा वाटा वसूल करणे हे त्याचे त्याने पाहावयाचे. निम्मे खाते आपले म्हणून निम्मेच देणे आपले, ही समजूत सावकारापुढे टिकत नव्हती, बँकेपुढेही टिकत नाही.

१८१६ साली विलायतेत निकालात निघालेला क्लेटनचा खटला या संबंधात प्रत्येक सामाईक खातेदाराने समजून घेण्यासारखा आहे. चालत्या खात्यात भरलेली रक्कम सर्वांत जुन्या उचलीकडे प्रथम वळती होते, असे तेथे ठरले. याचा परिणाम असा, की एक भागीदार मरण पावल्यावरही खाते तसेच चालू ठेवले, तर पुढच्या प्रत्येक भरण्याने त्याच्या हयातीतील देणे फिटत जाते आणि नव्या उचली केवळ हयात असणारांच्या नावावर चढतात. म्हणून सावध बँक खातेदाराच्या मृत्यूची किंवा आपसांतील तंट्याची वर्दी मिळताच त्या खात्यावर रेघ मारते, तेथपर्यंतची बाकी निराळी काढते आणि पुढील व्यवहारासाठी नवे खाते उघडावयास सांगते. घरच्या माणसांना ही रेघ त्या दुःखाच्या घडीस निष्ठूर वाटते; परंतु कोणाचे देणे कोठे संपले आणि कोणाचे कोठे सुरू झाले, याचा निवाडा तिच्यामुळेच होतो, आणि मागे राहिलेल्या विधवेस किंवा पोरक्या मुलांस दुसऱ्याच्या उचलीचे ओझे वाहावे लागत नाही. बाबूजी नाईकांच्या तगाद्याने जो घोळ उत्पन्न केला, त्याचे निवारण करणारी व्यवस्था ती हीच.

शास्त्रकारांनी उचलीचा हेतू पाहिला, १८७९ च्या कायद्याने हिशेबाची प्रत ऋणकोच्या हाती दिली, सहकाराने मर्यादा सर्वांच्या समक्ष ठरविली, आणि बँकांच्या कायद्याने मृत्यूच्या जागी रेघ आखली. या चारही गोष्टी निरनिराळ्या काळी फार मोठी किंमत मोजून आपणास मिळालेल्या आहेत. आज नवरा-बायको, भाऊ-भाऊ, दोन मित्र एकत्र खाते उघडतात, त्यावर ओव्हरड्राफ्टची मर्यादा मंजूर करून घेतात, आणि बँकेच्या छापील कागदावर न वाचता सह्या करतात. तेव्हा कोण, किती आणि कशासाठी उचलील हे त्यांनी त्याच दिवशी आपसांत बोलून लिहून ठेवावे, दर महिन्यास खात्याचा उतारा दोघांनी मिळून पाहावा आणि वर्षातून एकदा तरी खाते जमेच्या बाजूस आणून सोडावे. असे करण्यात परस्परांविषयी अविश्वास आहे, असे पुष्कळांना वाटते. मला ते मुळीच मान्य नाही. ज्या घरात हिशेब उघडा असतो, त्याच घरात एकाने दुसऱ्यासाठी उचल करावी आणि दुसऱ्याने ती हसतमुखाने फेडावी, हा मोठेपणा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो.